अवकाशातील विशाल लवचीक व फुगवता येणाऱ्या संरचना : रचना आणि नियंत्रण यांचा परस्परसंबंध

प्रस्तावना

पृथ्वीवर उभारलेली कोणतीही वास्तू प्रथम स्वतःचे वजन पेलते आणि मगच इतर भार पेलते. कक्षेत फिरणाऱ्या वस्तूवर ही जबाबदारी नसते. तेथे असतात ते सूर्यप्रकाशाचा दाब, तापमानातील तीव्र चढउतार आणि यानाच्या स्वतःच्या हालचालींमुळे बसणारे धक्के. हे भार इतके अल्प असतात की कागदाहूनही पातळ पटलापासून दहावीस मीटर रुंदीची वस्तू तयार करता येते. मात्र अग्निबाणाच्या अग्रभागात मिळणारी जागा सामान्यतः चार-पाच मीटर व्यासाची असते आणि प्रत्येक किलोग्रॅमचे मोल द्यावे लागते. त्यामुळे मोठी संरचना हलकी असावी लागते व ती घडी घालून न्यावी लागते. हलकेपणाबरोबर दृढता कमी होते आणि या उणिवेचा पहिला फटका संरचनेला नव्हे, तर यानाची दिशा राखणाऱ्या नियंत्रण व्यवस्थेला बसतो. संरचना एका विभागाने आखावी आणि नियंत्रक दुसऱ्याने, ही जुनी विभागणी या क्षेत्रात का टिकली नाही, हे पुढील काही उदाहरणांवरून स्पष्ट होते.

लवचीकतेचा पहिला धडा

३१ जानेवारी १९५८ रोजी अमेरिकेने सोडलेला एक्सप्लोरर-१ हा उपग्रह विशाल मुळीच नव्हता. सुमारे दोन मीटर लांबीचे आणि पंधरा सेंटिमीटर व्यासाचे ते एक नळकांडे होते. आपल्या लांब अक्षाभोवती स्वतःभोवती फिरत राहून त्याने दिशा राखावी, अशी योजना होती. प्रत्यक्षात थोड्याच वेळात तो लांब अक्षाऐवजी आडव्या अक्षाभोवती, भिरकावलेल्या काठीप्रमाणे फिरू लागला. दोष त्याच्या बाजूंना लावलेल्या चार लवचीक तारांच्या अँटेनांचा होता. त्या किंचित वाकत, सरळ होत आणि प्रत्येक वेळी थोडी गतिज ऊर्जा उष्णतेच्या रूपाने गमावत. कोनीय संवेग कायम राहून ऊर्जा घटत गेली, तर वस्तू अखेर किमान ऊर्जेच्या परिभ्रमणाकडे वळते आणि ते आडव्या अक्षाभोवतीचे असते. दृढ वस्तूच्या गणितात हा परिणाम दिसणे शक्यच नव्हते.

हबल दूरदर्शकाची थरथर

१९९० मध्ये हबल अवकाश दूरदर्शक कक्षेत गेला तेव्हा त्याच्या आरशातील दोषाची जगभर चर्चा झाली. त्याच्या सौरपटलांच्या थरथरीकडे मात्र सामान्य वाचकाचे फारसे लक्ष गेले नाही. ही पटले गुंडाळून नेता येतील अशी होती व पातळ धातूच्या लांब दांड्यांवर ताणून धरलेली होती. सुमारे पंचाण्णव मिनिटांच्या प्रत्येक प्रदक्षिणेत दूरदर्शक एकदा सावलीत जाई आणि एकदा उन्हात येई. उन्हात येताच दांड्याची एक बाजू दुसरीपेक्षा अधिक तापे, दांडा वाके आणि पटलांना झटका बसे. ज्या उपकरणाने आपली दिशा कोनीय सेकंदाच्या सात सहस्रांशापर्यंत अचूक राखावी अशी अपेक्षा होती, ते दर प्रदक्षिणेत दोनदा डळमळू लागले.

नियंत्रणाच्या संगणकीय आज्ञावलीत बदल करून ही थरथर काही अंशी आवरण्यात आली. तथापि मूळ उपाय संरचनेतच करावा लागला. डिसेंबर १९९३ मधील दुरुस्ती मोहिमेत दांड्यांना उष्णतारोधक आवरण असलेली नवी पटले बसवली गेली. पुढे २००२ मध्ये तीही काढून आकाराने लहान व दृढ पटले लावण्यात आली. लवचीकतेचा लाभ घेऊन शेवटी दृढतेकडे परतावे लागल्याचे हे उदाहरण बोलके आहे.

नियंत्रकाची अडचण

एका टोकाला घट्ट बसवलेल्या दांड्याची लांबी दुप्पट केली आणि जाडी तीच ठेवली, तर त्याची स्वाभाविक कंप्रता चौथ्या भागावर येते. लहान दांडा क्षणात शेकडो वेळा कंप पावत असेल, तर अवकाशातील लांब दांड्याचे एक आंदोलन पूर्ण व्हायला कित्येक सेकंद लागू शकतात. भोवती हवा नसल्याने अवमंदनही अत्यल्प असते. परिणामी संरचनेची कंप्रता आणि नियंत्रकाच्या प्रतिसादाची कंप्रता एकमेकींजवळ येतात. यान वळवण्यासाठी दिलेला धक्का दांड्याला हलवतो, दांड्याचे हलणे संवेदकाला यानाचे वळणे वाटते आणि नियंत्रक ते ‘दुरुस्त’ करण्यासाठी पुन्हा धक्का देतो.

येथे आणखी एक मर्यादा आहे. लवचीक वस्तूच्या कंपनप्रकारांची संख्या तत्त्वतः अनंत असते, तर नियंत्रकाच्या प्रतिमानात त्यांपैकी मोजकेच घेता येतात. गणितातून वगळलेले प्रकार प्रत्यक्षातून वगळले जात नाहीत. मार्क बालास यांनी १९७८ मध्ये दाखवून दिले की, अशा वगळलेल्या प्रकारांत नियंत्रकाची ऊर्जा झिरपून संपूर्ण व्यवस्था अस्थिर होऊ शकते. यावरील एक साधा मार्ग म्हणजे ज्या बिंदूवर वेग मोजायचा त्याच बिंदूवर विरुद्ध दिशेने बल लावणे. आदर्श संवेदक व प्रेरक असतील, तर असे बल संरचनेची ऊर्जा केवळ कमीच करते, मग प्रतिमान कितीही अपुरे असो. प्रत्यक्ष उपकरणांना अर्थातच थोडा विलंब लागतो आणि त्या प्रमाणात ही हमी सैल होते.

हवेने आकार घेणाऱ्या संरचना

फुगवता येणारी संरचना हा हलकेपणाचा परमोच्च प्रकार होय. १२ ऑगस्ट १९६० रोजी सोडलेला एको-१ हा सुमारे तीस मीटर व्यासाचा गोल होता आणि त्याचे मायलार पटल मिलीमीटरच्या सुमारे ऐंशीव्या भागाइतके जाड होते. त्यापूर्वी ऑक्टोबर १९५९ मधील चाचणीत असाच गोल फुटला होता. घड्यांमध्ये अडकून राहिलेली हवा निर्वातात एकदम प्रसरण पावली आणि त्याच्या चमकत्या तुकड्यांनी अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील लोकांना चकित केले. निर्वातात फुगवण्यासाठी किती थोडा वायू पुरतो, याचा हा काहीसा महागडा पुरावा ठरला. पुढे गोल फुगवण्यासाठी संप्लवनशील भुकटी वापरण्यात आली, जी हळूहळू वायुरूप होत असे. सूर्यप्रकाशाच्या दाबाने एको-१ ची कक्षा लक्षणीय बदलत गेली, हेही नमूद करण्याजोगे आहे.

उल्कांच्या सूक्ष्म कणांनी छिद्रे पडून वायू निसटणार, हे उघड होते. म्हणून १९६४ च्या एको-२ मध्ये मायलारच्या दोन्ही बाजूंना ॲल्युमिनियमचे थर दिले गेले. दाबाखाली हे थर किंचित ताणले जाऊन तसेच राहत आणि वायू गेल्यानंतरही गोल आपला आकार टिकवून धरी.

गोलापेक्षा परावर्तकाचा नेमका वक्र साधणे कितीतरी कठीण. मे १९९६ मध्ये एंडेव्हर अवकाशयानातून चौदा मीटर व्यासाच्या फुगवता येणाऱ्या अँटेनाचा प्रयोग झाला. उलगडताना तिने अनपेक्षित हालचाली केल्या. आधाराच्या नळ्या अखेर सरळ झाल्या, परंतु परावर्तक पटल पुरते फुगले नाही. घडी उलगडण्याची क्रिया जमिनीवर तंतोतंत पडताळता येत नाही, कारण तेथे गुरुत्वाकर्षण पटलाला खाली ओढते आणि हवा त्याला अडवते.

माणसांसाठीच्या दालनाचा प्रश्न वेगळा आहे. तेथे आत एक वातावरण दाब हवा, म्हणजे प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे दहा टनांचा भार. अशा दाबाने ताणलेली बहुपदरी कापडी भिंत बरीच दृढ असते, अडचण असते ती ताणली जाण्यापूर्वी. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाला २०१६ मध्ये जोडलेले बीम हे दालन २६ मे रोजी फुगवताना दाब वाढत राहिला, पण लांबी काही इंचांपलीकडे वाढेना. दीर्घकाळ घडीत राहिलेल्या थरांमधील घर्षण अपेक्षेहून जास्त निघाले. २८ मे रोजी अंतराळवीर जेफ विल्यम्स यांनी झडप अल्पकाळ उघडून बंद करत, सात तासांहून अधिक वेळ घेऊन ते फुलवले.

भारतीय संदर्भ

या अडचणी भारतालाही नव्या नाहीत. हवामान उपकरणाच्या थंडाव्यासाठी इन्सॅट-१ मालिकेतील उपग्रहांना एकाच बाजूला सौरपटल होते. त्यावरील प्रकाशदाबाचा तोल राखण्यासाठी दुसऱ्या बाजूला लांब दांड्यावर सौर शीड योजलेले होते. इन्सॅट-१ए चे उलगडणारे भाग एप्रिल १९८२ मधील उड्डाणापासूनच त्रास देत राहिले आणि दिशानियंत्रणाचे इंधन संपल्याने त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये तो सोडून द्यावा लागला.

३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून सोडलेल्या निसार या भारत-अमेरिका संयुक्त उपग्रहाच्या रडारला बारा मीटर व्यासाचा परावर्तक आहे. तो फुगवता येणारा नाही. सुवर्णलेपित तारांची जाळी आणि तिला ताणून धरणारी १२३ संमिश्र दांड्यांची चौकट असे त्याचे स्वरूप असून त्याचे वजन सुमारे ६४ किलोग्रॅम आहे. अचूक आकार हवा असेल तेथे अभियंते अजूनही हवेपेक्षा दांड्यांवर अधिक विश्वास टाकतात, आणि १९९६ चा अनुभव पाहता ते योग्यच वाटते. परावर्तकाला धरणारा नऊ मीटरचा बाहू ९ ऑगस्टपासून चार दिवसांत एकेक सांधा उघडत पसरवला गेला आणि १५ ऑगस्टला परावर्तक उमलला. या काळात उपग्रहाचे वस्तुमान जवळपास तेवढेच राहिले, तरी त्याचे जडत्व व कंप्रता प्रत्येक सांध्यागणिक बदलत होती.