बाळाच्या हाताची नस: मोठ्या दवाखान्याला निघण्याआधी

 

आजचा विषय आहे बाळाचा हात. कधीकधी बाळंतपण अवघड होतं. डोकं बाहेर येतं पण खांदा अडकतो. बाळ सुखरूप जन्मतं, आणि मग आईच्या लक्षात येतं की बाळ एकच हात हलवतंय, दुसरा नुसता अंगाशी पडून आहे. हजार बाळंतपणांत एखाद्‌दुसऱ्या बाळाला असं होतं. अशा बाळाला घेऊन नसांच्या खास डॉक्टरकडं, मुंबईला किंवा दुसऱ्या मोठ्या शहरात जायचं असेल, तर घरून निघताना काय तयारी करायची ते आज सांगते.

आधी दुखणं समजून घेऊ. मानेतल्या मणक्यांमधून पाच नसा निघतात. त्यांचा जुडगा होऊन तो खांद्याखालून हातात उतरतो. डॉक्टर त्याला ब्रेकियल प्लेक्सस म्हणतात. विहिरीवरची मोटर चांगली आहे, स्टार्टर चांगला आहे, पण मधली वायर ताणली किंवा तुटली तर मोटर फिरेल का? तसंच हे. हाताचं हाड चांगलं असतं, स्नायू चांगले असतात, पण मेंदूचा निरोप पोचवणारी नस दुखावलेली असते. नुसती ताणली असेल तर ती आपली आपण सावरते. मधेच तुटली किंवा मणक्यापासून उपटली गेली, तर नुसत्या वाट पाहण्यानं भागत नाही.

तुमच्या कागदावर ‘अर्ब्स पाल्सी’ असं लिहिलेलं असेल, तर वरच्या नसा दुखावल्या आहेत असं समजा. त्यात मूठ वळते, पण खांदा उचलत नाही आणि कोपर वाकत नाही. ‘क्लुंपके’ लिहिलं असेल तर पंजाकडच्या खालच्या नसा. हे नाव एका बाईचं आहे. ऑगस्टा क्लुंपके पॅरिसमध्ये डॉक्टरकी शिकत होत्या, तेव्हा १८८५ साली त्यांनी या दुखण्याचं वर्णन लिहिलं. आपल्या आनंदीबाई जोशी अमेरिकेत डॉक्टर झाल्या त्याच्या एकच वर्ष आधी.

आणखी एक गोष्ट, ती घरातल्या सगळ्यांनी ऐकावी. ग्रहणात हिनं भाजी चिरली, हिनं जड उचललं, म्हणून असं झालं, हे बोलणं बंद करा. बाळ वजनानं मोठं असणं, आईला साखरेचा त्रास असणं, खांदा अडकणं, पायाळू बाळ असणं, ही याची कारणं. ग्रहणाचा आणि या नसेचा काही संबंध नाही. ओल्या बाळंतिणीला दोष देत बसलो तर ती बाळाचा हात लपवायला लागते, आणि लपवण्यातच दिवस जातात.

आणि दिवसच तर महत्त्वाचे आहेत.

तीन महिन्यांचा हिशोब

दुखावलेली नस पुन्हा वाढते, पण रोज साधारण एक मिलिमीटर. म्हणजे महिन्याला जेमतेम एक इंच. तिला मानेपासून दंडापर्यंत आणि पुढं पंजापर्यंत पोचायचं असतं. इकडं स्नायू तिची वाट पाहत असतो, पण तोही कायम वाट पाहत नाही. वर्ष-दीड वर्ष निरोप आला नाही तर तो वाळत जातो, आणि नंतर नस पोचली तरी उपयोग होत नाही.

म्हणून हिशोब असा ठेवा. बऱ्याच बाळांचा हात पहिल्या काही आठवड्यांत सुधारतो, त्यामुळं घाबरू नका. पण बाळ महिन्याचं झालं आणि हात दुसऱ्या हातासारखा पूर्ण हलत नसेल, तर खास डॉक्टरची वेळ घ्या. तीन महिन्यांचं झालं तरी कोपर वाकवून हात वर येत नसेल, तर तोवर बाळ त्या डॉक्टरच्या नजरेखालून गेलेलंच असलं पाहिजे. नस जोडण्याची शस्त्रक्रिया लागलीच, तर ती बहुधा तिसऱ्या ते नवव्या महिन्यादरम्यान करतात. मिरचीचा तोडा उरकला की जाऊ, पेरणी झाली की जाऊ, असं म्हणण्यात हेच महिने निघून जातात.

तुमचं लेकरू मोठं झालं असेल तर आशा सोडू नका. मोठ्या मुलांमध्ये चांगला स्नायू दुसऱ्या कामाला जोडणं, आखडलेला खांदा मोकळा करणं, असे दुसरे उपचार असतात. त्यांनीही जाऊन दाखवावं.

जायचं कुठं

पहिली पायरी जवळचीच. संस्थेत बाळंतपण झालं असेल तर आशाताई दीड महिन्यात सहा वेळा घरी येतात. तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. त्यांना बाळ उघडं करून दोन्ही हात दाखवा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला, त्यात अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी आणि पुढची पाठवणी होते. त्याचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं, तेव्हा पथकाची वाट पाहू नका. आशाताईंना घेऊन प्राथमिक आरोग्य केंद्रात जा आणि चिठ्ठी मागा.

चिठ्ठी कुणाच्या नावाची, हेही विचारा. या नसांवर काम करणारे डॉक्टर बहुधा प्लास्टिक सर्जरी किंवा हँड सर्जरी विभागात बसतात. ‘प्लास्टिक सर्जरी’ वाचून, हे तर चेहरे गोरे करणारे, असं म्हणून परत फिरू नका. मुंबईत परळला केईएम आणि लहान मुलांचं वाडिया रुग्णालय शेजारी-शेजारी आहेत. वाडिया तर १९२९ पासून मुलांसाठीच चालू आहे. कोईमतूरचं गंगा हॉस्पिटलही या कामासाठी देशभर ओळखलं जातं.

निघण्याआधी फोन करा. तीन प्रश्न विचारा. जन्मावेळी दुखावलेल्या हाताच्या नसा बघणारे डॉक्टर कोणत्या वारी, किती वाजता बसतात? नाव आधी नोंदवावं लागतं का? महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना तिथं चालते का, आणि या शस्त्रक्रियेला बसते का? योजनेचा फोन १५५३८८ आहे, तिथंही विचारता येतं. योजनेच्या दवाखान्यात आरोग्यमित्र बसलेले असतात, त्यांच्याकडंच जा. बाहेर उभं राहून ‘मी काम करून देतो’ म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका. आणि हे सगळं विचारल्याशिवाय घरातली म्हैस विकायला काढू नका.

पिशवीत काय

कागदांची पिशवी वेगळी ठेवा. बाळंतपणाच्या दवाखान्याचं सुटीचं कार्ड, माता व बाल संरक्षण कार्ड, जन्मदाखला, रेशन कार्ड, आईवडिलांचं आधार, आधीचे एक्स-रे, डॉक्टरची चिठ्ठी. सगळ्याच्या दोन-दोन झेरॉक्स.

एका कोऱ्या कागदावर आठवून लिहा: बाळाचं जन्माचं वजन किती, बाळ डोक्याकडून आलं की पायाकडून, चिमटा किंवा व्हॅक्यूम लावला का, गळ्याजवळचं हाड मोडलं होतं का, आईला साखर होती का. आणि सगळ्यात महत्त्वाचं, कोणत्या तारखेला कोणती हालचाल पहिल्यांदा दिसली. बोटं कधी हलली, मनगट कधी उचललं, कोपर कधी वाकलं. डॉक्टर याच तारखांवरून ठरवतात.

मोबाईलमध्ये दर आठवड्याला छोटी चित्रफीत घ्या. दवाखान्यात बाळ झोपतं नाहीतर रडतं, हात हलवून दाखवत नाही. घरी पोट भरलेलं असताना, अंगातलं झबलं काढून, बाळाला उताणं ठेवा. दुखऱ्या हाताच्या बाजूनं खुळखुळा वाजवा आणि दोन्ही हात दिसतील असं चित्र घ्या. चेहऱ्याचंही घ्या. त्याच बाजूची पापणी खाली पडलेली असेल किंवा डोळ्यातली बाहुली लहान दिसत असेल, तर नस जास्त खोल दुखावल्याची ती खूण असू शकते. श्वास घेताना धाप लागत असेल, तर मात्र चित्र काढत बसू नका, लगेच दवाखाना गाठा.

बाळाचे कपडे पुढून उघडणारे घ्या. घालताना दुखरा हात आधी, काढताना दुखरा हात शेवटी. बाळाला हाताला किंवा काखेत धरून उचलायचं नाही, मानेखाली आणि कुल्ल्याखाली हात घालून उचलायचं.

मालिश आणि शेकाबद्दल आज्यांना विनंती. तो हात ओढू नका, गोल फिरवू नका, हाडवैद्याकडून बांधून आणू नका. त्या हाताला चटका कळत नाही असंही असू शकतं, म्हणून शेगडीपासून आणि गरम फडक्यापासून तो जपा.

कोणी जायचं, कसं जायचं

आईबरोबर आणखी दोघं असली तर बरं. एकजण बाळ धरेल, एकजण डॉक्टरचं ऐकून लिहून घेईल. आणि घरात बाळाला न्हाऊमाखू घालणारी जी कोणी असेल, सासूबाई असोत की आई, तिला जरूर न्या. घरी आल्यावर व्यायाम तिच्याच हातून व्हायचा असतो. तिनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं आणि कानांनी ऐकलं, तर पुढं वाद होत नाही.

धावड्याहून भोकरदनमार्गे जालन्याला या. तिथून रात्रीची देवगिरी एक्सप्रेस सकाळी दादरला पोचवते. एसटीत मार्च २०२३ पासून बायांना अर्धंच तिकीट आहे. दादरहून परळ जवळच आहे, पण सकाळच्या लोकलच्या गर्दीत दुखऱ्या हाताचं बाळ घेऊन शिरू नका, टॅक्सी करा. मुक्कामासाठी दादरला संत गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा बाहेरगावच्या रुग्णांसाठी आहे. जागा आहे का, दवाखान्याचा कोणता कागद लागतो, हे आधी विचारून घ्या. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, पाण्याची बाटली बरोबर ठेवा. दूध पाजणाऱ्या बाईनं उपाशी रांगेत उभं राहू नये. घरी राहणाऱ्या मोठ्या लेकरालाही सांगून निघा: बाळाचा हात दाखवायला चाललोय, अमुक दिवशी येऊ.

तिथं गेल्यावर

डॉक्टर बाळाला खेळवत हात पाहतील. कधी नसेत करंट जातो का याची तपासणी सांगतील, कधी एमआरआय. एमआरआयला बाळ निश्चल राहावं म्हणून गुंगी देतात, आणि त्यासाठी काही तास पाजायचं नसतं. नेमके किती तास ते विचारून घड्याळ लावा.

शस्त्रक्रिया सांगितली तर घाबरून उठू नका, विचारा. बहुतेक वेळा पायाच्या मागच्या बाजूची, फक्त स्पर्शाची एक नस काढून ती मानेजवळच्या तुटलेल्या जागी सांधतात. त्यानं पाय लुळा पडत नाही, पावलाच्या कडेचा थोडा भाग बधिर राहतो. विचारायचे प्रश्न लिहून न्या. कोणत्या नसा दुखावल्यात? अजून थांबलं तर काय, आणि किती थांबायचं? शस्त्रक्रियेनंतर कोणती हालचाल येईल अशी आशा आहे, आणि कोणती येणार नाही? हात किती आठवडे बांधून ठेवायचा? मुंबईत किती दिवस राहावं लागेल? पुन्हा कधी यायचं?

शस्त्रक्रिया झाली म्हणजे दुसऱ्या दिवशी हात उचलेल असं नाही. एक मिलिमीटरचा हिशोब तिथंही लागतो. फरक दिसायला कित्येक महिने जातात. हात अगदी दुसऱ्यासारखा होईलच असंही नाही, पण तोंडाशी घास नेणारा हात आणि नुसता लोंबणारा हात यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

फिजिओथेरपिस्ट व्यायाम दाखवतील तेव्हा त्यांना विचारून चित्रफीत घ्या. मग आपल्या हातानं करून दाखवा आणि चुकत असेल तर तिथंच सुधारून घ्या. खांदा आखडू नये म्हणून हे व्यायाम रोज, दर लंगोट बदलताना, असे ठरवून करायचे. गावी आलात की सगळे कागद आशाताईंना दाखवा आणि पुढची तारीख कॅलेंडरवर लिहा.

जाता जाता एक सांगते. मोटारसायकलवरून पडून खांद्यावर आपटलेल्या मोठ्या माणसालाही हेच दुखणं होतं. हाड जुळलं, प्लास्टर निघालं, पण हात उचलत नाही, असं घरात कुणाचं असेल तर ‘होईल हळूहळू’ म्हणून सोडू नका. त्यालाही पहिल्या काही महिन्यांतच नसांच्या डॉक्टरकडं न्या.

तेव्हा मैत्रिणींनो, आज घरी बाळ असेल तर त्याला उघडं करून दोन्ही हात बघा. शेजारणीचं असेल तर तिला हे सांगा. आणि तारीख लिहायला विसरू नका.

येते मी. नमस्कार.