अंगणातील भाजीसाठी खोल लाकडी पेटी

घराभोवती भाजी पिकविण्यास चांगली माती हवी, हे खरे. परंतु ज्यांच्या अंगणात माती नाही त्यांनी भाजी लावूच नये, असे मात्र नाही. घाटावरील पुष्कळ गावठाणे मुरमाड आहेत, तर कोकणात कित्येक घरे जांभ्याच्या कातळावर उभी आहेत. अशा जागी खड्डा खणणे कष्टाचे असते, आणि खणला तरी पावसाळ्यात त्यात पाणी साचून रोपे कुजतात. तेथे जमिनीवर ठेवलेली खोल लाकडी पेटी उपयोगी पडते.

आठवड्याच्या बाजारातून आणलेली पालेभाजी दोन दिवसांत सुकते. पुढील दिवसांत घरातील स्त्रिया व मुले यांच्या पानात ती क्वचितच येते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) देशातील १५ ते ४९ वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले. एका पेटीने हा प्रश्न सुटणार नाही. तथापि रोजच्या जेवणात मूठभर ताजी भाजी येण्याची सोय तिने होते.

खोली किती असावी?

मेथी, माठ, कोथिंबीर यांना ६ ते ८ इंच माती पुरते. मुळा, गाजर, मिरची व वांगी यांना किमान १ फूट, आणि टोमॅटोला सव्वा ते दीड फूट माती असावी. उथळ पेटी उन्हाळ्यात लवकर तापते व सुकते. म्हणून ४ फूट लांब, २ फूट रुंद व दीड फूट खोल अशी पेटी करावी. ओल्या मातीसह तिचे वजन ४ ते ५ क्विंटल भरते. यास्तव ती जमिनीवरच ठेवावी, गच्चीवर किंवा माळ्यावर ठेवू नये.

लाकूड व बांधणी

साग, आईन, किंजळ किंवा बाभूळ यांचे आतील पक्के लाकूड टिकते. बाहेरील पांढऱ्या लाकडास वाळवी लवकर लागते. जुनी दारे वापरावयाची असल्यास रंग दिलेल्या फळ्या घेऊ नयेत, कारण जुन्या रंगात शिसे असण्याचा संभव असतो. मालाच्या खोक्यांवर ‘एम.बी.’ ही इंग्रजी अक्षरे असल्यास त्या लाकडास विषारी धुरी दिलेली असते. ते वर्ज्य करावे. पेटीस इंजिनाचे जळके तेल लावू नये, बाहेरून जवसाचे तेल लावावे.

फळ्या निदान १ इंच जाडीच्या असाव्यात. कोपऱ्यांत आतून खुंट देऊन फळ्या स्क्रूने आवळाव्यात. ओल्या मातीच्या दाबाने लांब बाजू फुगतात. म्हणून मध्यावर एक आडवी पट्टी ठोकावी.

पाण्याचा निचरा

तळास दर ६ इंचांवर अर्धा इंच व्यासाची भोके पाडावीत आणि पेटी विटांवर ठेवावी, म्हणजे तळाखाली हवा खेळते व वाळवी चटकन दृष्टीस पडते. तळाशी खडीचा जाड थर देण्याची रीत पुष्कळ ठिकाणी आहे. तिने निचरा सुधारत नाही. पाणी खडीवरील मातीतच थबकते आणि मुळांची जागा मात्र कमी होते. भोकांवर गोणपाटाचा तुकडा अंथरणे पुरेसे आहे.

भरणी व लागवड

दोन भाग माती, एक भाग चांगले कुजलेले शेणखत व एक भाग वाळू एकत्र करून पेटी भरावी. नुसती काळी माती भरू नये. ती वाळल्यावर भेगाळते. वरून पालापाचोळ्याचे आच्छादन करावे. बोट दोन इंच खोल घालून पाहावे व ओल नसेल तरच पाणी द्यावे. तांदूळ व भाजी धुतलेले पाणी चालते, साबणाचे चालत नाही.

पेटीत वांग्याची दोन रोपे लावून मधल्या जागेत मेथी पेरावी. ती २५ ते ३० दिवसांत काढणीस येते. पालेभाजी एकदम न पेरता पंधरा-पंधरा दिवसांनी थोडी थोडी पेरावी, म्हणजे घरात खंड पडत नाही. वांगी, मिरची व टोमॅटो एकाच कुळातील असल्याने त्यांच्यामागून त्यांपैकीच पीक न घेता चवळी किंवा घेवडा घ्यावा. दर हंगामास दोन इंच शेणखत घालून माती पूर्ववत भरावी.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी अंगणवाडीच्या अंगणात अशी एक पेटी प्रथम करून दाखवावी. भोके व विटा दाखविण्यास विसरू नये; कारण पेटीचे यश तिच्या देखणेपणावर नसून खोलीवर व निचऱ्यावर अवलंबून आहे.