वकिलीची पहिली पायरी : ओळख नसली तरी अर्ज करा

मुलगी लॉ कॉलेजच्या तिसऱ्या वर्षाला आहे. रात्री दस्तरखानावर ती हळूच विषय काढते, "अब्बा, सुटीत इंटर्नशिप करायची आहे. मुंबईच्या एखाद्या लॉ फर्ममध्ये." अब्बा म्हणतात, "बेटा, तिथे आपल्या ओळखीचं कोण आहे?" अम्मीला वेगळीच काळजी, "राहणार कुठे?" आणि विषय तिथेच मिटतो.

कायद्याच्या शिक्षणाकडे वळणाऱ्या आपल्या अनेक मुलामुलींच्या घरात आजवर कुणी वकील झालेले नसते. त्यामुळे अर्ज कसा करतात, मुलाखतीत काय विचारतात, हे सांगणारे घरात कुणी नसते. म्हणून हा लेख मुलांसाठी आहे, तितकाच त्यांच्या आई-वडिलांसाठीही.

ही हौस नव्हे, अभ्यासक्रमाचा भाग

बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८च्या नियमांनुसार पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात एकूण किमान २० आठवडे आणि तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान १२ आठवडे इंटर्नशिप करावी लागते. एका वर्षात सलग चार आठवड्यांपेक्षा जास्त करता येत नाही. शिवाय निदान एकदा तरी प्रत्यक्ष कोर्टात काम करणाऱ्या वकिलांच्या हाताखाली शिकणे आवश्यक आहे. म्हणजे मुलगी जी परवानगी मागते आहे, ती फिरायला जाण्याची नाही. परीक्षेइतकीच ती गरजेची आहे.

आधी घराजवळ, मग दूर

पहिल्याच वर्षी नरिमन पॉइंट किंवा लोअर परळच्या मोठ्या फर्मचा ध्यास घेण्याची गरज नाही. सुरुवात आपल्या तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या कोर्टात काम करणाऱ्या वकिलांकडे करावी. दावा कसा दाखल होतो, कैफियत म्हणजे काय, रोजनामा कसा वाचायचा, हे तिथे डोळ्यांसमोर दिसते. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडेही लेखी अर्ज देऊन विचारावे. पुढच्या वर्षी उच्च न्यायालयातील वकिलांकडे जावे. मुंबईखेरीज नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथेही खंडपीठ आहे. त्यानंतर फर्मला अर्ज केला, तर त्यात लिहिण्यासारखे काही तरी हाताशी असते.

वेळेचे गणितही नीट पाहावे. मे महिन्यात उच्च न्यायालयाला उन्हाळी सुटी असते. त्या काळात फक्त तातडीची कामे चालतात. कोर्टाचे काम शिकायचे असेल, तर मे महिना निवडून उपयोग नाही. कंपन्यांचे करार करणाऱ्या फर्मचे काम मात्र सुटीतही चालू राहते. मोठ्या फर्मच्या जागा लवकर भरतात, म्हणून चार-सहा महिने आधी अर्ज पाठवावा.

अर्ज कसा असावा

बहुतेक फर्म आपल्या संकेतस्थळावरून किंवा ईमेलने अर्ज घेतात. ईमेलच्या विषयाच्या ओळीतच कोणता महिना, कोणते वर्ष आणि कोणता अभ्यासक्रम हे लिहावे. अर्ज आणि बायोडेटा इंग्रजीत लागतो, पण अवघड इंग्रजी लागत नाही. साधी, बिनचूक वाक्ये पुरतात. बायोडेटा एका पानाचा, फार तर दोन पानांचा असावा.

सोबतचे पत्र प्रत्येक फर्मसाठी वेगळे लिहावे. त्या फर्मचे काम कोणत्या क्षेत्रात आहे आणि आपल्याला त्यात काय शिकायचे आहे, हे दोन-तीन वाक्यांत सांगावे. एकच पत्र पन्नास जणांना पाठवले की वाचणाऱ्याला लगेच कळते. त्यातही चुकून दुसऱ्याच फर्मचे नाव राहिले, तर अर्ज तिथेच संपला.

आपल्या मुलांना स्वतःची एक जमेची बाजू दिसत नाही. ती म्हणजे भाषा. सातबारा, पंचनामा, फिर्याद ही कागदपत्रे मराठीत असतात आणि ती समजून इंग्रजीत सांगणारा विद्यार्थी कार्यालयाच्या उपयोगी पडतो. ज्याला उर्दू वाचता येते, त्याने तेही लिहावे. मराठवाड्यात निजामकाळातील जमिनींचे जुने कागद उर्दूत आहेत. जुने निकाहनामे आणि वक्फचे दस्त वाचतानाही ही भाषा लागते.

न केलेले काम मात्र बायोडेटात लिहू नये. मुलाखतीत पहिला प्रश्न नेमका त्यावरच येतो. आणि इंटर्नशिप मिळवून देतो म्हणून कुणी पैसे मागितले, तर त्याच्या वाटेला जाऊ नये.

उत्तर आले नाही तर

वीस अर्ज पाठवले आणि एकाचेही उत्तर नाही, असे घडते. मग मनात येते, "नाव वाचूनच बाजूला ठेवला असेल." असे कधी होतच नाही, असे कुणी छातीठोकपणे सांगू शकणार नाही. पण उत्तर न येणे हा त्याचा पुरावाही नाही. बहुतेक अर्जांना, मग ते कुणाचेही असोत, उत्तर मिळत नाही. दहा-बारा दिवसांनी एक नम्र आठवण पाठवावी आणि पुढचा अर्ज करावा. मनात अढी धरून अर्ज करणेच सोडले, तर नुकसान आपलेच.

मुलाखतीची तयारी

मुलाखत बऱ्याचदा फोनवर किंवा व्हिडिओवर होते. स्वतःबद्दल सांगा, आमच्याकडेच का यायचे आहे, बायोडेटातील अमुक कामात तुम्ही नेमके काय केले, हे प्रश्न ठरलेले असतात. उत्तरे पाठ करू नयेत, पण घरात कुणाला तरी समोर बसवून मोठ्याने सराव करावा. अब्बांना कायदा कळत नसला, तरी मुलगा अडखळतो कुठे, हे त्यांना कळते.

कायद्यातील ताजे बदल माहीत हवेत. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. खुनाच्या शिक्षेचे ३०२ कलम आता १०३ झाले आहे. अलीकडचा एखादा निकाल पूर्ण वाचून जावे : वाद काय होता, कोर्टाने काय ठरवले आणि का.

आपल्या मुलांना तलाक किंवा पोटगीवर प्रश्न येऊ शकतो. तेव्हा रागावू नये आणि बचावाचा पवित्राही घेऊ नये. १९८५चा शाहबानो, २००१चा दानियल लतीफी आणि २०१७चा शायराबानो हे निकाल वाचलेले असावेत. आधी कायदा काय म्हणतो ते सांगावे. मत विचारले, तर नंतर शांतपणे मत सांगावे. एखादे उत्तर येत नसेल, तर "मला हे माहीत नाही, मी पाहून घेईन" असे सरळ म्हणावे. थापा मारणाऱ्यापेक्षा असे म्हणणाऱ्यावर वकील जास्त विश्वास टाकतात.

पोशाख, नमाज आणि हलाल-हराम

जी मुलगी स्कार्फ घालते, तिने मुलाखतीलाही तो घालूनच जावे. पुढचे चार आठवडे ज्या वेशात काम करायचे, त्याच वेशात पहिली भेट व्हावी. जोहरची नमाज जेवणाच्या सुटीत होते. जुम्यासाठी थोडा वेळ लागेल, हे निवड झाल्यावर आधीच सांगून परवानगी घ्यावी आणि तेवढे काम नंतर थांबून पुरे करावे. न सांगता उठून जाण्याने मात्र गैरसमज होतो.

बँकांच्या कर्जाची कागदपत्रे करणाऱ्या विभागात जावे का, हा प्रश्न काही घरांत पडतो. त्याबद्दल विश्वासातील आलिमांना विचारावे. पण त्या एका शंकेपायी वकिलीच नको, असे म्हणू नये. कामगार, कुटुंब, मालमत्ता, ग्राहक, पेटंट अशी कितीतरी क्षेत्रे आहेत.

आणि एक गोष्ट प्रत्येक विभागात लागू आहे. अशिलाचे कागद ही अमानत आहे. त्यांचा फोटो मित्रांच्या ग्रुपवर जाता कामा नये आणि त्यातील गोष्ट घरातसुद्धा बोलायची नाही. आई-वडिलांनीही ती विचारू नये.

पहिला जो असतो

राहण्याचे म्हणाल, तर चार आठवड्यांचाच प्रश्न आहे. नातेवाईक, मुलींचे वसतिगृह, कॉलेजातील मैत्रिणीचे घर, यांपैकी काहीतरी आधी जाऊन पाहून ठरवता येते. अम्मी एकदा बरोबर जाऊन आली, तर तिचीही काळजी मिटते. येण्या-जाण्याचा आणि जेवणाचा खर्च धरून ठेवावा, कारण वकिलांच्या कार्यालयात बहुधा विद्यावेतन मिळत नाही.

१८६७ साली बदरुद्दीन तय्यबजी मुंबईत बॅरिस्टर म्हणून उभे राहिले, तेव्हा या शहरात दुसरा भारतीय बॅरिस्टर नव्हता. पण त्यांचे थोरले बंधू कमरुद्दीन त्यांच्या आधी सॉलिसिटर झाले होते. वाट दाखवणारे कुणीतरी घरात होते. ओळखीचा उपयोग होतो, हे खोटे नाही. आपल्या घरात ती नसेल, तर या मुलीला पहिल्या खेपेला जास्त अर्ज करावे लागतील, जास्त वाट पाहावी लागेल. पण चार वर्षांनी मोहल्ल्यातील एखादी मुलगी घरी येऊन विचारील, "आपा, अर्ज कसा करायचा?" त्या मुलीच्या अब्बांना मग ओळख शोधत फिरावे लागणार नाही, इन्शाअल्लाह.