तीर-कामठा : लेखांक १९ — डावा अंगठा

आज बांबूच्या सालीच्या दोरीबद्दल लिहायचे ठरले होते. ते पुढे ढकलतो, कारण धारच्या एका वाचक काकूंचे पत्र आले आहे आणि त्यांच्या प्रश्नाला शिकारीच्या हंगामाची मुदत आहे. काकूंचा भाचा ओहायोत असतो. तिथे क्रॉसबोने हरणाची शिकार कायदेशीर आहे आणि भाचा यंदा कचेरीतल्या मित्रांबरोबर जायचे म्हणतो. दुकानदाराने क्रॉसबोच्या किमतीवर आणखी पाच-सहा वस्तूंची यादी पुढे केली : बोटांचा गार्ड, ओढायची दोरी, क्रँक, लेझर आणि असेच काही. काकू विचारतात, “हे सगळं खरंच लागतं, की पोराला गंडवतायत? माझं माहेर बागचं. तिकडची भिलाला पोरं उघड्या हातांनी तीर मारायची. कुणाचं बोट गेलेलं मी कधी पाहिलं नाही.”

काकूंनी जे पाहिले ते खरेच आहे. धार जिल्ह्यातल्या बाग-कुक्षीकडचा तिरंदाज हाताला काही बांधत नाही. कोपर किंचित बाहेर वळवतो आणि दोरी हाताला न घासता निघून जाते. चुकली तर फार तर वळ उठतो. पण त्यावरून भाच्याच्या क्रॉसबोबद्दल काही ठरवता येत नाही, कारण कामठी जेमतेम चार-पाच सेकंद धोक्याची असते. माणूस ओढतो तेवढाच वेळ तिच्यात ताण असतो. दमला की हात पुढे येतो, ताण उतरतो आणि ते पुन्हा एक वाकलेले लाकूड होते. क्रॉसबो एकदा ओढून अडकवला की माणूस चहा पीत बसला तरी सगळा ताण एका छोट्याशा खटक्यावर पेलून तसाच राहतो. दोन्हीकडे दोरी आणि तीरच असले तरी सुरक्षेच्या दृष्टीने क्रॉसबो बंदुकीच्या जातीचा आहे.

आकडेही पाहू. ४० पाउंडांचे, म्हणजे सुमारे १८ किलो ताणाचे धनुष्य अर्धा मीटर ओढले तर त्यात साधारण ४५ ज्यूल ऊर्जा साठते. शिकारीचा साधा क्रॉसबो १५० पाउंडांचा, म्हणजे ६८ किलोंचा असतो. त्याची दोरी धावते जेमतेम ३३ सेंटिमीटर, पण साठा होतो ११० ज्यूलच्या आसपास. एवढी ऊर्जा सात-आठ मिलिसेकंदांत मोकळी होते. डोळ्याची पापणी लवायला याच्या दहापट वेळ लागतो. त्यामुळे ‘दोरी सुटली की हात काढून घेऊ’ हा विचार मनातच ठेवावा.

आता अंगठ्याकडे येतो. क्रॉसबोची दोरी लाकडाच्या किंवा धातूच्या एका पट्टीवरून, म्हणजे रेलवरून, घसरत पुढे जाते. पुढच्या हाताने दांडा धरताना अंगठा सहज वर येतो आणि रेलच्या कडेवर टेकतो. दोरीच्या वाटेत तो नेमका तिथेच आडवा येतो. पेर गेल्याच्या घटना क्रॉसबोवाल्यांत नव्या नाहीत. ज्याने आयुष्यभर बंदूक किंवा काठी धरली आहे त्याचा अंगठा तर हमखास वर येतो. (डावखुऱ्याच्या बाबतीत हा अंगठा उजवा.)

काकूंनी पत्रात एकलव्याचेही नाव घेतले आहे, म्हणून जरा वाट वाकडी करतो. झाबुआ, अलिराजपूर, धार या पट्ट्यातले भिल तीर सोडताना अंगठा लावत नाहीत आणि त्याचे कारण म्हणून एकलव्याची दक्षिणा सांगतात. श्रद्धेशी मी भांडत नाही. पण ऑलिम्पिकमधले जवळजवळ सगळे तिरंदाजही दोरी तीन बोटांनीच ओढतात आणि अंगठा बाजूला दुमडून ठेवतात. अंगठ्याने दोरी ओढायची ती मंगोल-तुर्की पद्धत. ती मुघलांच्या काळात इकडे रुळलेली होती. त्यात दोरीने अंगठ्याची कातडी सोलू नये म्हणून शिंगाची किंवा दगडाची अंगठी घालत. बादशहांकडे ती जेडची आणि रत्नजडित झाली. संग्रहालयांतल्या अशा काही अंगठ्या पाहून वाटते की यांनी तीर कधी सोडलाच नसावा. सुरक्षेच्या वस्तूचा दागिना होऊ शकतो, हे यादी वाचताना भाच्यानेही लक्षात ठेवावे.

माझी कसोटी एकच आहे. वापरणाऱ्याचे लक्ष नसताना जी वस्तू आपले काम करते ती घ्यावी. जी आठवणीने लावावी, उघडावी, फिरवावी लागते तिच्यावर फार भरवसा ठेवू नये, कारण पहाटेच्या थंडीत, समोर हरीण आलेले असताना, माणसाला पहिल्यांदा तिचाच विसर पडतो.

या कसोटीवर बोटांचा गार्ड चटकन पास होतो. रेलच्या खाली दोन्ही बाजूंना पंखासारखी बाहेर आलेली ती पट्टी असते. अंगठा वर चढू लागला की तिला अडतो, मग हातमोजे घातलेले असोत की बोटे बधिर झालेली असोत. दांड्यातच ओतलेली असेल तर उत्तम. नसेल तर स्क्रूने बसणारी घ्यावी, चिकटवायची नको. यादीतली बहुधा सर्वांत स्वस्त वस्तू हीच असेल.

याहून महत्त्वाची गोष्ट बहुधा यादीत नसेलच, कारण ती वेगळी विकत मिळत नाही. रिकामी दोरी सुटू न देणारा खटका आतमध्ये हवा. तीर नसताना दोरी सुटली तर तिराने न्यायची ऊर्जा कुठे जाणार? ती धनुष्याच्या पात्यांत आणि दोरीतच परत येते. पाती चिरतात, दोरी तुटते, तुकडे तोंडावर येतात. कंपाउंड, म्हणजे टोकांना कप्पे असलेल्या धनुष्यालाही हेच लागू आहे. २०२३ साली बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत आपल्या साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे दोघेही वैयक्तिक विजेते झाले ते याच प्रकारच्या धनुष्यावर. ओजसने तर अंतिम फेरीत १५० पैकी १५० गुण घेतले. दोघांचाही सराव साताऱ्याचा. हे धनुष्य शिकवणाऱ्या कुठल्याही मैदानावर नव्या पोराला पहिल्याच दिवशी बजावतात की तीर लावल्याशिवाय दोरी सोडायची नाही. क्रॉसबोत हे बजावणे एका छोट्या कडीवर सोपवलेले असते. तीर नसेल तर कडी दोरीच्या आड येते आणि तिराचे बूड आत सरकले की ती बाजूला होते. भाच्याला आवडलेल्या मॉडेलमध्ये ही कडी नसेल तर मॉडेल बदलावे.

मात्र तीर हा क्रॉसबो बनवणाऱ्या कंपनीने सांगितलेल्या खाचेचा आणि वजनाचाच हवा. खाच नीट बसली नाही तर दोरी तिराच्या वरून किंवा खालून निसटते आणि कडीचाही उपयोग होत नाही. फार हलका तीर म्हणजे अर्धीमुर्धी रिकामी दोरीच. पुष्कळ कंपन्या ४०० ग्रेनच्या, म्हणजे सुमारे २६ ग्रॅमच्या आसपास किमान वजन सांगतात. आपल्या यंत्राचा आकडा पुस्तिकेत बघून घ्यावा.

ओढल्याबरोबर आपोआप लागणारी सेफ्टी आता जवळपास सगळीकडे असते, त्यावर वेळ घालवत नाही. ओढायची दोरी जरूर घ्यावी. तिच्या कप्प्यांमुळे जोर निम्मा लागतो, आणि त्याहून मोठा फायदा म्हणजे क्रॉसबोची दोरी बरोबर मधोमध येते. नुसत्या हातांनी ओढताना ती अर्धा सेंटिमीटर जरी इकडेतिकडे झाली तरी तीर भलतीकडे जातो. हँडल फिरवून दोरी ओढणारा क्रँक पाठदुखीवाल्यांसाठी. तो ब्रेक असलेलाच घ्यावा. बिनब्रेकचा हँडल हातातून सुटला तर उलटा गरगरत मनगटावर बसतो. लेझर सुरक्षेच्या यादीत कसा आला ते दुकानदारच जाणे.

काकू, यादीत नसलेली आणखी एक वस्तू भाच्याला सुचवा. तिकडे पुष्कळ शिकारी झाडाला बांधलेल्या मचाणावर बसतात आणि त्यांच्या जखमांचे एक मोठे कारण तिथून पडणे हे आहे. मक्याच्या राखणीचे मचाण तुम्ही माहेरी पाहिले असेल. त्यावर चढणारा लहानपणापासून चढत असतो, आणि हा मुलगा दिवसभर खुर्चीवर बसून काम करणारा. त्याने अंगभर पट्ट्यांचा हार्नेस घ्यावा, जमिनीवरून पाय उचलायच्या आधी तो झाडाला अडकवावा आणि क्रॉसबो तीर न लावता दोराने मागाहून वर ओढून घ्यावा. लेझरचे पैसे इथे खर्च करावेत.

हा सगळा हिशेब ओहायोचा. सुट्टीत बागला आल्यावर त्याला जुने दिवस आठवू नयेत. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शस्त्राच्या व्याख्येतच धनुष्य आणि तीर आले आहेत आणि १९९१च्या दुरुस्तीने शिकारीची दारे पुरतीच बंद केली. बागच्या बाजूची कामठी आता घरात खुंटीला असते नाहीतर भगोरियाच्या हाटात मिरवायला. शिकारीसाठी ती उचलायची नाही.

राहिली ओहायोतली संध्याकाळ. हरीण आले नाही, अंधार पडला, क्रॉसबो ओढलेलाच आहे. कामठीसारखा हात पुढे नेऊन ताण उतरवता येत नाही आणि रिकामी दोरी सोडायची नाही हे तर आताच सांगितले. ब्रेकवाल्या काही क्रँकने ताण उलट उतरवता येतो, पण पुस्तिकेत तसे स्पष्ट लिहिले असेल तरच. नाहीतर एक तीर खर्ची घालणे आले. नेहमीच्याच वजनाचा, साध्या टोकाचा एक जुना तीर भात्यात वेगळा खूण करून ठेवावा. मचाणावर असतानाच यंत्रातला शिकारीचा तीर काढून घ्यावा, सेफ्टी लागलेली आहे ना ते पाहावे आणि क्रॉसबो दोराने खाली सोडून मग स्वतः उतरावे. जुना तीर जमिनीवर आल्यावर लावून गाडीजवळ ठेवलेल्या फोमच्या ठोकळ्यात मारावा. ठोकळा नसेल तर दगड नसलेल्या मऊ मातीत, पायांपासून दूर. गाडीत क्रॉसबो ठेवायचा तो ताण उतरल्यावरच.