पुडक्यावरची चिठ्ठी कोणी सांभाळायची?

संगणकाच्या गोष्टी कला शाखेच्या विद्यार्थ्याने कशाला सांगाव्यात, असे कोणी म्हणेल. परंतु पडद्यावर मराठी अक्षर नीट उमटते की नाही, हा प्रश्न आपलाही आहे.

लिनक्स या मुक्त संगणक-प्रणालीचा गाभा १९९१ साली लिनस टोरवाल्ड्स यांनी लिहावयास घेतला. तिच्यावरील बहुतेक कार्यक्रमांची संहिता कोणालाही वाचता व सुधारता येते. मात्र नुसती संहिता सामान्य माणसाच्या कामाची नाही. ती पुडक्यात, म्हणजे पॅकेजमध्ये, बांधावी लागते. पुडके बांधण्यासाठी काही लहान फायली लागतात: नाव, आवृत्ती, आणखी कोणती पुडकी आधी हवीत, कोणती वस्तू कोठे ठेवायची, परवाना कोणता आणि सांभाळणारा कोण. आमच्या तळवड्यातल्या वर्कशॉपमधून चाकणला माल जातो तेव्हा सोबत चलन जाते, तसेच हे. भाग कितीही काटेकोर असो, कागदावर ड्रॉइंगचा जुना रिव्हिजन नंबर असला की माल परत!

आता अडचण अशी, की १९९३ साली सुरू झालेल्या डेबियनची पद्धत एक, तर फेडोराची दुसरी. मूळ लेखकाला साऱ्या पद्धती कोठून येणार? मग एखादा वापरणाराच आपल्या सोयीसाठी फाइल लिहितो आणि प्रकल्पाला देऊन टाकतो. देणे हे एका संध्याकाळचे काम. सांभाळणे मात्र वर्षानुवर्षांचे.

'लोहित' या टंकाचेच पाहा. रेड हॅट कंपनीने २००४ साली तो मुक्त केला. पुण्यातील अभियंत्यांनीही त्यावर पुष्कळ काम केले. २०११ साली त्याचा परवाना बदलला. अक्षरे तीच, पण पुडक्यातील परवान्याची फाइल नव्याने लिहिणे आले. पुढे डेबियनने टंकांच्या पुडक्यांची नावेच बदलली. तेव्हा 'जुन्याच्या जागी हे घ्यावे' असे फाइलीत सांगावे लागते, नाहीतर जुन्या यंत्रांना नवे पुडके मिळत नाही. मराठी 'ल' आणि 'श' यांचे वळण हिंदीहून निराळे, म्हणून मराठीचे वेगळे पुडकेही आहे. म्हणजे आणखी एक चिठ्ठी, आणखी एक राखणदार.

राखणदार निघून गेला तर? डेबियनमध्ये अशा पुडक्याला चक्क 'अनाथ' म्हणतात आणि ते स्वीकारणाऱ्यास 'दत्तक' घेणारा. (हे शब्द संगणकवाल्यांनी निवडले, याचे मला नवल वाटते.) कोणी पुढे आले नाही आणि दोष साचत गेले, तर पुडके काढून टाकले जाते.

माझ्या मते प्रकल्पाने अशी फाइल घेतानाच दोन गोष्टी विचाराव्यात: नाव कोणाचे लावायचे, आणि प्रत्येक नव्या आवृत्तीला पुडके बांधून कोण पाहणार? उत्तर नसेल, तर 'ही फाइल वापरणाऱ्यांनी दिलेली आहे, आम्ही तपासलेली नाही' असे वरच लिहावे. नाहीतर पुडके न उघडल्याचा दोष वापरणारा मूळ लेखकालाच देतो, आणि त्या बिचाऱ्याने ती फाइल कधी उघडलेलीही नसते.