सर्व्हिस (कुबरनेटिस)

'''सर्व्हिस''' ही कुबरनेटिस या संगणकप्रणालीतील एक संकल्पना आहे. सतत बदलणाऱ्या कंटेनरांच्या गटाला एकच स्थिर नाव व नेटवर्क पत्ता मिळवून देणे हे तिचे कार्य होय. गूगलने २०१४ मध्ये कुबरनेटिस मुक्त स्रोत प्रणाली म्हणून जाहीर केली, तिची १.० ही आवृत्ती जुलै २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. 'कुबरनेटिस' या ग्रीक शब्दाचा अर्थ सुकाणू धरणारा असा आहे.

== गरज ==
कंटेनर म्हणजे एखादा प्रोग्रॅम व त्याला लागणाऱ्या फाइली यांचे एकत्र बांधलेले गाठोडे. कुबरनेटिसमध्ये कंटेनर 'पॉड' या घटकात चालतात. प्रत्येक पॉडला स्वतःचा आयपी पत्ता मिळतो, परंतु पॉड अल्पजीवी असतात. यंत्र बंद पडले किंवा प्रोग्रॅमची नवी आवृत्ती बसवली, की जुने पॉड जाऊन त्यांच्या जागी नवे येतात आणि त्यांचे पत्ते निराळे असतात. जुन्याच पत्त्यावर पाठवलेली विनंती मग वाया जाते.

टपालाचे उदाहरण घेता येईल. भातकुली (जि. अमरावती) येथील एखाद्या शाळेच्या पत्रावर शिक्षकाचे नाव घातले आणि दरम्यान त्यांची बदली झाली, तर पत्र अडते. त्याऐवजी 'मुख्याध्यापक' असे लिहिल्यास त्या पदावर कोणीही असो, पत्र योग्य हाती पडते. सर्व्हिस हे असेच पदनाम आहे.

== कार्यपद्धती ==
पॉडना 'लेबल' म्हणजे ओळखचिठ्ठ्या लावलेल्या असतात. कोणती चिठ्ठी असलेले पॉड आपले, हे सर्व्हिसमधील 'सिलेक्टर' ठरवतो. त्यानुसार पॉडच्या पत्त्यांची यादी कुबरनेटिस स्वतःच अद्ययावत ठेवते. जे पॉड काम स्वीकारण्यास सज्ज आहेत, त्यांच्याकडेच सामान्यतः विनंत्या जातात.

सर्व्हिसला मिळणारा पत्ता आभासी असतो. तो कोणत्याही एका यंत्राचा नसतो. प्रत्येक यंत्रावरील 'क्यूब-प्रॉक्सी' हा प्रोग्रॅम त्या पत्त्यावर आलेली विनंती एखाद्या पॉडकडे वळवण्याचे नियम मांडून ठेवतो. नावावरून पत्ता शोधण्याचे काम बहुधा 'कोअरडीएनएस' करतो.

== प्रकार ==
* '''क्लस्टरआयपी''': पत्ता केवळ समूहाच्या आत चालतो. प्रकार न सांगितल्यास हाच गृहीत धरला जातो.
* '''नोडपोर्ट''': प्रत्येक यंत्रावर एकच ठरावीक पोर्ट उघडला जातो, त्याचा क्रमांक सहसा ३०००० ते ३२७६७ यांदरम्यान असतो.
* '''लोडबॅलन्सर''': क्लाउड कंपनीकडून बाहेरच्या जगासाठी पत्ता मिळतो.
* '''एक्स्टर्नलनेम''': समूहाबाहेरील सेवेला आतले नाव देता येते.

== बाहेरील वापर ==
मायक्रोसॉफ्टची पुण्यातील (२०१५), अ‍ॅमेझॉनची मुंबईतील (२०१६) व गूगलची मुंबईतील (२०१७) क्लाउड केंद्रे सुरू झाल्यापासून असे समूह महाराष्ट्रातच चालवणे शक्य झाले आहे. समजा, एखाद्या परीक्षेच्या निकालाचे संकेतस्थळ अशा केंद्रात आहे. निकालाच्या दिवशी गर्दी वाढली म्हणून पॉडची संख्या वाढवली, तरी भातकुलीतील विद्यार्थ्याला पत्ता बदलावा लागत नाही. मधल्या मध्ये एखादा पॉड बंद पडला, तर पुढील विनंत्या दुसऱ्याकडे जातात.

== मर्यादा ==
पत्ता स्थिर असला म्हणजे सेवा सुरू आहेच असे नाही. लेबल व सिलेक्टर जुळले नाहीत, तर सर्व्हिस अस्तित्वात असूनही तिच्यामागे एकही पॉड नसतो. अशा वेळी प्रथम ही यादी रिकामी आहे का ते पाहतात. सर्व्हिस काढून पुन्हा निर्माण केल्यास तिचा आयपी पत्ता बदलू शकतो, म्हणून प्रोग्रॅममध्ये आकडी पत्त्याऐवजी नाव लिहिणे श्रेयस्कर असते. तसेच सर्व्हिस माहिती जतन करत नाही. अर्धवट भरलेला अर्ज केवळ एका पॉडच्या स्मृतीत असेल, तर तो पॉड बंद पडताच अर्जही नाहीसा होतो. त्यामुळे अशी माहिती डेटाबेससारख्या टिकाऊ ठिकाणी ठेवावी लागते.