मैदान हिरवंगार दिसतंय, मग अजून बंद का? फोन काय मोजतो आणि काय नाही

नाशिकमध्ये 'गोल्फ क्लब' म्हटलं की हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान डोळ्यांसमोर येतं. तिथे गोल्फ नाही, क्रिकेट चालतं. रणजीचे सामनेही झालेत. पण गोल्फ कोर्स असो की क्रिकेटचं मैदान, नवीन गवत लावलं की एक प्रश्न हमखास येतो: सगळं हिरवं झालंय, मग दोरी का काढत नाहीत?

हिरवं किती झालं, हे तुमचा फोन सांगू शकतो. अमेरिकेतल्या ओक्लाहोमा स्टेट युनिव्हर्सिटीने बनवलेलं कॅनोपिओ नावाचं अ‍ॅप आहे. गवताचा बरोबर वरून फोटो काढायचा. अ‍ॅप प्रत्येक पिक्सेलमध्ये हिरव्याच्या तुलनेत लाल आणि निळा किती आहे ते बघतं. समजा लाल 90, हिरवा 130, निळा 70, तर तो पिक्सेल गवताचा. मातीत लाल जास्त भरतो, म्हणून ती बाद. गवताचे पिक्सेल भागिले एकूण पिक्सेल, झाली टक्केवारी. यात एआय वगैरे काही नाही, साधा भागाकार आहे. मला तर म्हणूनच आवडतं.

पण 95 टक्के आलं तरी मुळं किती खोल गेलीत ते फोटोत येत नाही. आमच्या भाषेत, स्क्रीन तयार आहे, सर्व्हर अजून चालू व्हायचाय.

गोल्फच्या ग्रीनवर आपल्यासारख्या उष्ण हवेत बहुतेक वेळा बर्म्युडा गवताच्या संकरित जाती लावतात. बर्म्युडा म्हणजे आपली हरळी, गणपतीला वाहतो ती दूर्वा! टिफईगलसारख्या जातींना बी धरत नाही, म्हणून कांड्या लावतात. कांडी जमिनीवर आडवी धावते आणि पेरापेराला मुळं सोडते. त्यामुळे वरची जागा आधी भरते, खालचं जाळं नंतर विणलं जातं. त्यात ग्रीनखाली साधारण 30 सेंमी वाळूचा थर असतो आणि त्याखाली 10 सेंमी खडी, म्हणजे पाण्याचा निचरा पटकन होतो. सुट्या वाळूला धरून ठेवतात ती मुळंच. कापणीही उंच ठेवून सुरू करतात आणि हळूहळू 3 मिमीच्या आसपास आणतात. एकदम खाली कापलं तर पान उरत नाही, मग मुळांना अन्न कुठून मिळणार? नाशिकच्या डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत हरळीची वाढ मंदावते, तो वेळ वेगळाच.

घाईचा धोका बघायचा तर धरमशाला आठवा. 1 मार्च 2023 पासूनची भारत-ऑस्ट्रेलिया कसोटी तिथून इंदूरला हलवली, कारण आउटफिल्डवर पुरेसं दाट गवत नव्हतं. सात महिन्यांनी, 7 ऑक्टोबरला, विश्वचषकात अफगाणिस्तानच्या मुजीब उर रहमानने चेंडू अडवायला झेप घेतली आणि गुडघ्याखालची जमीन गवतासकट उखडली. गुडघा थोडक्यात वाचला. आयसीसीने त्या आउटफिल्डला 'सरासरी' शेरा दिला.

म्हणून मैदानाची माणसं मातीचा एक उभा तुकडा काढून मुळांची लांबी पट्टीने मोजतात. तुम्हाला बाहेरून अंदाज घ्यायचा असेल, तर दर आठवड्याला त्याच जागेचा, त्याच वेळी फोटो काढा. टक्केवारी वाढायची थांबली की समजा वरचं काम झालं. पुढचं विचारायचं ते माळीकाकांना: "काका, मुळं किती खोल गेली?"